पोस्टकार्डावरची दहावी खेळी

मॉस्कोच्या याकोव एस्ट्रिन यांनी दहाव्या खेळीत आपले प्यादे एफ३ घरात ठेवले आणि काळ्याच्या उंटाला धाक दिला. त्यांच्या सी३ वरच्या प्याद्याने काळ्याचा घोडा आधीच माराखाली घेतला होता. म्हणजे एक घोडा आणि एक उंट, दोन्ही एकाच वेळी प्याद्यांच्या तोंडी. अमेरिकेतून हान्स बर्लिनर यांचे उत्तर टपालाने आले. त्यात घोडा हलला नव्हता आणि उंटही हलला नव्हता. ई५ वरचे प्यादे एक घर पुढे सरकले होते, बस्स.

ही खेळी म्हणजे १०…ई४. स्पर्धा होती पाचव्या जागतिक टपाल-बुद्धिबळ अजिंक्यपदाची अंतिम फेरी, १९६५ ते १९६८. डाव ४२ खेळ्या चालला आणि काळ्याने जिंकला. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्रू सोल्टिस यांनी २००० साली विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम शंभर डावांची क्रमवारी पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा पहिला क्रमांक त्यांनी याच डावाला दिला. फिशर, ताल, कास्पारोव यांचे गाजलेले डाव त्याच्या खाली राहिले. ज्या डावात दोघे खेळाडू पटासमोर एकत्र बसलेच नाहीत, ज्यात घड्याळाची टिकटिक नव्हती आणि प्रेक्षक नव्हते, तो शतकातला सर्वोत्तम डाव ठरावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. हा डाव पटावर मांडून नीट पाहिला की ते आश्चर्य ओसरते.

समोरासमोरच्या डावात पहिल्या दहा-बारा खेळ्या बहुतेक वेळा पाठांतरावर निघतात. प्रतिस्पर्ध्याला जे आठवत नाही तेच आपल्याला आठवले, तर अर्धा डाव तिथेच हाती येतो. टपालाच्या डावात हा फायदा कोणालाच नसतो. पुस्तके दोघांपुढे उघडी असतात, पट रात्रभर मांडून ठेवता येतो, मोहरी हलवून पाहता येतात, चूक वाटली तर परत मागे नेता येतात. विस्मरणाची सबब चालत नाही. म्हणून एखादी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीची ठरीव वाट, खरोखर किती पाण्यात आहे, याची कसोटी सगळ्यात कडक लागते ती पत्रांतून खेळलेल्या डावात.

त्या काळी हा खेळ चालायचा कसा, हे आजच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल-बुद्धिबळ महासंघ, म्हणजे आयसीसीएफ, स्थापन झाला आणि जागतिक स्पर्धा त्याच्या छत्राखाली आल्या. टपाल-बुद्धिबळाचे पहिले जगज्जेते ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी. पाचव्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत १७ खेळाडू होते आणि प्रत्येकाचे इतर सोळा जणांशी सोळा डाव एकाच वेळी सुरू. नेहमीचा नियम दहा खेळ्यांना तीस दिवसांचा. पत्र वाटेत असताना जाणारे दिवस कोणाच्याच खात्यावर पडत नसत. कार्ड कधी मिळाले आणि उत्तर कधी टाकले, या दोन तारखांमधलाच वेळ मोजायचा. पोस्टाच्या शिक्क्याला म्हणूनच एवढे महत्त्व. ‘तुम्ही अमुक खेळलात तर माझे उत्तर तमुक’ असे जर-तर लिहून पाठवायचीही सोय होती. त्यामुळे एखादी उघड मारामारी चार कार्डांऐवजी दोन कार्डांत उरकायची.

भाषेची अडचण आकड्यांनी सोडवली होती. पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून एक ते आठ, आडव्या ओळींना खालून एक ते आठ, आणि प्रत्येक खेळी चार आकडी: मोहरा कुठून निघाला ते पहिले दोन आकडे, कुठे पोचला ते पुढचे दोन. पांढऱ्याचे ई२ वरचे प्यादे ई४ वर गेले की कार्डावर लिहायचे ५२५४. घोडा जी१ वरून एफ३ वर, ७१६३. मॉस्कोतल्या माणसाला इंग्रजी यायची गरज नाही आणि वॉशिंग्टनमधल्याला रशियन यायची. बर्लिनर यांची ती दहावी खेळी या लिपीत ५५५४ अशी दिसते. आकडा लिहिताना हात चुकला आणि चुकीचा आकडाही नियमात बसणारी खेळी ठरला, तर तीच खेळी गळ्यात पडायची. अशा एका आकड्यापायी महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात जाण्याची धास्ती प्रत्येक टपाल-खेळाडूला असे, आणि कार्ड पेटीत टाकण्याआधी ते पुन्हा पटावर ताडून पाहण्याची सवय त्यातूनच लागे.

पत्रांच्या डावांनी ओपनिंगवर किती छाप पाडली हे कळायला ओपनिंगची नावे तरी पाहा. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा इथल्या क्लबांमध्ये पत्रांनी सामना झाला. तो एडिंबराने जिंकला आणि त्यातून ‘स्कॉच’ ओपनिंगचे नाव रूढ झाले. १८३४ ते १८३६ मध्ये पॅरिसने लंडनला पत्रांतून हरवले, आणि राजाच्या प्याद्याला ई६ ने उत्तर देण्याच्या पद्धतीला ‘फ्रेंच डिफेन्स’ म्हणू लागले. बर्लिन आणि रीगा यांच्यातल्या १९०६-०७ च्या सामन्याने स्पॅनिश ओपनिंगच्या एका फाट्याला रीगाचे नाव दिले. एकेका शहराने महिनोन्‌महिने डोके खाजवून काढलेली उत्तरे पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक तयार माल म्हणून खेळत राहिले.

आपल्याकडचा दाखला फारसा कोणाला ठाऊक नसतो. मद्रास आणि हैदराबाद यांच्यात १८२८-२९ च्या सुमारास पत्रांनी दोन डाव झाले. मद्रासचे गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन यांनी ते डाव, आणि सोबत मुझियो गँबिट या ओपनिंगचे विश्लेषण, १८२९ मध्ये मद्रासमध्ये पुस्तकरूपाने छापले. त्या गँबिटच्या एका फाट्याला आजही गुलाम कासिम यांचे नाव आहे. रेल्वे आणि तारायंत्र भारतात यायच्या आधी, हरकाऱ्याच्या थैलीतून निजामाच्या राजधानीपर्यंत जाणाऱ्या खेळ्यांमधून एका भारतीयाने ओपनिंगच्या शास्त्रात भर घातली, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या बुद्धिबळवर्गांत सांगितली गेली पाहिजे.

आता एस्ट्रिन-बर्लिनर डावाच्या ओपनिंगकडे.

दोन्ही बाजूंनी राजाची प्यादी दोन घरे पुढे. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा सी६. पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो आणि काळा दुसरा घोडाही एफ६ वर बाहेर काढतो. हा ‘टू नाइट्स डिफेन्स’, दोन घोड्यांचा बचाव. इथे पांढऱ्यापुढे मोह उभा राहतो. चौथ्या खेळीत घोडा जी५ वर उडी मारतो आणि उंटाच्या जोडीने एफ७ च्या प्याद्यावर चालून जातो. सगळ्या पटावर काळ्याचे सर्वांत दुबळे घर तेच, कारण त्याचे रक्षण फक्त राजा करतो. शाळेतल्या पहिल्या स्पर्धेत या हल्ल्याने मात खाल्लेली मुले गावोगावी सापडतील.

या खेळीबद्दल जाणकारांचे कधीच एकमत झाले नाही. इटलीच्या पोलेरिओच्या नावावर असलेला, सतराव्या शतकाच्या आरंभीचा एक डाव याच ओपनिंगचा आहे. त्यात पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देऊन काळ्या राजाला पटाच्या मधोमध ओढून आणतो. जर्मन गुरू टाराश यांनी मात्र ४.घोडा जी५ या खेळीला नवशिक्याची खेळी म्हणून झिडकारले, कारण विकास पुरा व्हायच्या आधीच एकच मोहरा दुसऱ्यांदा हलवला जातो. दुसऱ्या बाजूला समोरासमोरच्या बुद्धिबळाचे पहिले जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्झ तिच्यामागे ठाम उभे होते. १८९० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून सेंट पीटर्सबर्गच्या मिखाईल चिगोरिन यांच्याशी समुद्राखालच्या तारेने दोन डाव सुरू केले. वाद तत्त्वाचा होता. आपल्या पुस्तकात सुचवलेल्या खेळ्या खऱ्या ठरतात का, हे स्टाइनिट्झ यांना सिद्ध करायचे होते. त्यातला एक डाव दोन घोड्यांच्या बचावाचाच. स्टाइनिट्झ यांनी नवव्या खेळीत घोडा पटाच्या काठावर, एच३ वर नेला. असे करायला कोणी धजत नसे. चिगोरिन यांनी दोन्ही डाव जिंकले.

गंमत पुढे आहे. १९६३ मध्ये बॉबी फिशरने स्टाइनिट्झची तीच नववी खेळी आर्थर बिसगायर यांच्याविरुद्ध काढली आणि डाव जिंकला. सत्तर वर्षे टाकाऊ समजली गेलेली खेळी एका दिवसात पुन्हा जिवंत झाली.

१९६५ मध्ये एस्ट्रिन आणि बर्लिनर यांची कार्डे सुरू झाली, तेव्हा या ओपनिंगवरची चर्चा तापलेली होती. एस्ट्रिन हे व्यवसायाने कायदेतज्ज्ञ, आणि दोन घोड्यांच्या बचावावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्यांच्याविरुद्ध काळी मोहरी घेऊन त्याच ओपनिंगमध्ये शिरायचे, म्हणजे ज्याने नकाशा काढला त्याच्याच गावात जाऊन त्याला वाट दाखवायची. बर्लिनर यांनी नेमके तेच केले.

पांढऱ्याच्या जी५ हल्ल्याला काळा डी५ ने अडवतो, पांढरा ते प्यादे मारतो. इथली रुळलेली वाट म्हणजे घोडा ए५ वर नेऊन उंटाला हाकलणे. बर्लिनर यांनी ५…बी५ खेळून उंटाला वेगळीच टोचणी दिली. ही खेळी अमेरिकेच्या ओलाफ उल्वेस्टाड यांच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्याचे उत्तम उत्तर विचित्र दिसते: उंट सरळ घरी, एफ१ वर परत. तो बी५ वरचे प्यादे मारत नाही, कारण मारले तर काळ्याचा वजीर डी५ वर येऊन एकाच वेळी उंटावर आणि जी२ च्या प्याद्यावर डोळा ठेवतो. घरी परतलेला उंट जी२ राखतो. मग काळ्याचा घोडा डी४ वर आणि डाव जर्मनीच्या अलेक्झांडर फ्रिट्झ यांच्या नावाच्या फाट्याला मिळतो. फ्रिट्झ यांची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल श्लेश्टर यांनी लेखातून लोकांपुढे आणली होती. थोडक्यात, इथवर दोघेही छापील रस्त्यावर होते.

सातव्या खेळीत पांढरे प्यादे सी३ वर येऊन घोड्याला धमकावते. काळा तिकडे लक्षच देत नाही, दुसऱ्या घोड्याने डी५ चे प्यादे मारतो. तो घोडा एफ६ वरून हटल्याबरोबर काळ्या वजिराची तिरकी वाट मोकळी होते आणि जी५ वरच्या पांढऱ्या घोड्यावर धाक येतो. घोडा ई४ वर सरकतो. वजीर एच४ वर येऊन पुन्हा त्याच घोड्याच्या मागे. घोडा जी३. उंट जी४, थेट पांढऱ्या वजिरावर. प्यादे एफ३. आणि आपण त्या दहाव्या खेळीपाशी पोचतो.

आतापर्यंतचे पुस्तक सांगत होते की इथे काळ्याने घोडा एफ५ वर मागे घ्यावा. बर्लिनर यांनी तो तसाच मरायला ठेवला. असे का, हे पट पुढे घेऊन पाहिले तर कळते. पांढऱ्याने एफ-प्यादे हलवल्यामुळे एच४ वरच्या काळ्या वजिरापासून ई१ वरच्या पांढऱ्या राजापर्यंतचा तिरका रस्ता मोकळा झालाय, मध्ये फक्त जी३ वरचा घोडा उभा आहे. तो हलला तर राजाला शह, म्हणजे तो जखडलेला. त्याला एच२ च्या प्याद्याचा आधार दिसतो, पण तो आधार फसवा आहे. ते प्यादे जी३ वर मारायला गेले की एच-पट्टी उघडते आणि वजीर कोपऱ्यातला हत्ती उचलतो. आता त्या घोड्यावर आणखी एक मोहरा आणून चढवायचा असेल तर काळ्याचा एफ८ वरचा उंट डी६ वर यायला हवा. आणि डी६ ते जी३ या तिरक्या वाटेत कोण अडते? ई५ वरचे काळे प्यादेच. ते एक घर पुढे गेले की दार उघडते. एका प्याद्याच्या एका पावलासाठी अख्खा घोडा आणि जमल्यास उंटही द्यायची तयारी, हा त्या पोस्टकार्डावरचा हिशेब.

एस्ट्रिन यांनी घोडा मारला. काळ्याचा उंट डी६. पांढऱ्या उंटाने बी५ चे प्यादे मारून शह दिला, काळ्याने किल्लेकोटाचा हक्क सोडून राजा डी८ वर नेला. पांढऱ्याने तेराव्या खेळीत किल्लेकोट करून राजाला त्या जीवघेण्या रेषेवरून बाजूला केले. काळ्याने एफ३ चे प्यादे मारले, पांढऱ्याने हत्तीने ते परत घेतले. इथे मोजणी करा: पांढऱ्याकडे एक घोडा जास्त, एक प्यादे जास्त. काळ्याचा राजा उघड्यावर. शिवाय एफ३ चा हत्ती काळ्या उंटाच्या माराखाली आहे, मारला तर काळ्याचे बरेच नुकसान भरून निघते. बर्लिनर यांनी तो मारला नाही. १४…हत्ती बी८. आधी बी५ वरच्या उंटाला प्रश्न विचारला आणि स्वतःच्या हत्तीला उघडी पट्टी दिली.

पंधराव्या खेळीत एस्ट्रिन यांनी उंट ई२ वर मागे घेतला, आणि डाव हरण्याचे मूळ पुढे बहुतेक विश्लेषकांना याच खेळीत दिसले. पुढे मारामाऱ्या झाल्या आणि अठराव्या खेळीअखेर चित्र असे: पांढऱ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा, काळ्याकडे दोन हत्ती आणि एक घोडा. वजीर दोघांकडे, प्यादी समान. हिशेबात पांढराच वरचढ. पण त्याचा ए१ चा हत्ती, बी१ चा घोडा आणि सी१ चा उंट अजून जागचे हललेले नाहीत, आणि एच१ वरच्या राजासमोरची पट्टी मोकळी आहे. काळ्याने १८…हत्ती बी६ खेळले. तो हत्ती आता सहाव्या ओळीवरून एच६ ला येऊन राजाला गाठणार. पांढऱ्याने डी३ करून सी१ च्या उंटाचा एच६ पर्यंतचा रस्ता उघडला. बर्लिनर यांनी घोडा ई३ वर टाकून तोच रस्ता बुजवला, वर वजिरालाही धाक दिला. घोडा मारावाच लागला, आणि ई३ वर काळा वजीर येऊन बसला.

इथून पुढे साधारण वाचकाला वाटेल की आता मात होणार. ती होत नाही, आणि माझ्या मते या डावाची खरी थोरवी इथे आहे. काळ्याची प्यादी एच५, जी५, जी४ अशी धावत सुटतात. एस्ट्रिन चोवीसाव्या खेळीत घोडा सी४ वर आणून एकाच वेळी वजीर आणि हत्ती दोघांना पकडतात. वजीर जी३ वर निसटतो, हत्ती मरतो, काळे प्यादे उंट मारते, वजिरांची अदलाबदल होते आणि धुराळा खाली बसतो तेव्हा पटावर उरते एक कोरडे हत्ती-प्याद्यांचे अंतिम पर्व: काळ्याची चार प्यादी, पांढऱ्याची तीन. एकूण सोळा डाव खेळत असताना, आठवड्यांच्या अंतराने येणाऱ्या कार्डांमधून, बर्लिनर या एका प्याद्याच्या आघाडीपर्यंत येऊन पोचले होते.

तेही एक प्यादे त्यांनी लगेच सोडून दिले. एकतिसाव्या खेळीत हत्ती सी८ वर नेला, पांढऱ्याला एफ७ चे प्यादे मारू दिले. आता तीनास तीन. बत्तिसाव्या खेळीत हत्ती सी७ वर, म्हणजे हत्तींच्या अदलाबदलीचे आमंत्रण. पांढऱ्याने स्वीकारले असते तर काळ्याचे एच-प्यादे एकटेच पटाच्या काठाने पुढे गेले असते, त्याला अडवायला पांढरा राजा धावला असता आणि तेवढ्यात काळ्या राजाने दुसऱ्या बाजूची प्यादी साफ केली असती. एस्ट्रिन यांनी नकार दिला. मग काळा राजा सरळ चालत ई५, डी४, डी३ करत पांढऱ्याच्या प्याद्यांमागे जाऊन उभा राहिला. शेवटी जी४ वरच्या काळ्या हत्तीला पांढऱ्या राजाने धाक दिला तरी तो मारता येत नव्हता, कारण मागे एच५ चे प्यादे उभे होते. बेचाळिसाव्या खेळीत काळे प्यादे बी३ वर आले आणि एस्ट्रिन यांनी डाव सोडला.

स्पर्धा संपली तेव्हा बर्लिनर यांचे १६ पैकी १४ गुण होते: बारा विजय, चार बरोबरी, एकही पराभव नाही. दुसऱ्या क्रमांकाला त्यांनी तीन गुणांनी मागे टाकले. एस्ट्रिन यांनीही जिद्द सोडली नाही. १९७२ ते १९७६ च्या स्पर्धेत ते सातवे जगज्जेते झाले.

बर्लिनर यांचे पुढचे आयुष्य या डावाशी जोडलेलेच राहिले. १९२९ मध्ये बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात जन्म. नाझी राजवटीत घर सोडावे लागले आणि १९३७ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. बुद्धिबळ ते तेराव्या वर्षी शिकले. जगज्जेते झाल्यावर, चाळिशीत, आयबीएमची नोकरी सोडून १९६९ मध्ये ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेले आणि १९७४ मध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांवर त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांनी यंत्रांच्या एका दुखण्याला ‘होरायझन इफेक्ट’ असे नाव दिले. यंत्र ठराविक खोलीपर्यंतच पाहते. येणारे नुकसान टळत नसेल तर ते मध्ये फुकटच्या खेळ्या घालून त्याला आपल्या नजरेच्या हद्दीबाहेर ढकलते आणि नुकसान टळले असे समजते. अठराव्या खेळीनंतरची ती स्थिती पुन्हा डोळ्यांपुढे आणा: मोजणीत पांढरा पुढे, आणि डाव काळ्याचा. ज्याने अशा स्थिती महिनोन्‌महिने हाताळल्या, त्यालाच यंत्राचा हा दोष इतका स्पष्ट दिसला, याचे नवल वाटत नाही. १९७९ मध्ये त्यांच्या बॅकगॅमन खेळणाऱ्या प्रोग्रॅमने जगज्जेत्या लुइजी व्हिला यांना माँटे कार्लोमध्ये हरवले, आणि ऐंशीच्या दशकात त्यांच्या ‘हायटेक’ या बुद्धिबळ यंत्राने ग्रँडमास्टरलाही नमवले.

मग १०…ई४ चे काय झाले? बर्लिनर यांचा त्या खेळीवर शेवटपर्यंत विश्वास होता. ४.घोडा जी५ ही खेळी मरणपंथाला लागली आहे असे ठामपणे सांगणारी पुस्तिका त्यांनी नव्वदच्या दशकात काढली. इतरांनी तो दावा मान्य केला नाही. चौदाव्या खेळीत हत्तीने एफ३ मारण्याऐवजी वजीर बी३ वर नेणे, किंवा पंधराव्या खेळीत उंट ई२ ऐवजी एफ१ वर नेणे, अशा सुधारणा पांढऱ्यासाठी पुढे आल्या. आज मोठे खेळाडू या ओपनिंगमध्ये पुन्हा ५…घोडा ए५ याच वाटेने जातात. म्हणजे शतकातल्या सर्वोत्तम डावाची ओपनिंग जगाने स्वीकारली नाही.

यावरून डावाचे मोल कमी होत नाही, असे ठासून सांगितले पाहिजे. ओपनिंगचा निकाल दर दहा वर्षांनी बदलतो. स्टाइनिट्झचा काठावरचा घोडा हे त्याचेच उदाहरण. या डावात शिकण्यासारखे काय आहे, तर एका माणसाने छापील पानावर ‘इथे घोडा मागे घ्या’ असे वाचले, ते तपासले, आणि तपासताना राजा, जखडलेला घोडा, कोपऱ्यातला हत्ती आणि स्वतःचेच अडथळा झालेले प्यादे या चार गोष्टी एकत्र पाहिल्या. आज आयसीसीएफच्या स्पर्धांत संगणक इंजिन वापरायची मुभा आहे, खेळ्या सर्व्हरवरून क्षणात पोचतात आणि वरच्या पातळीवर जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो. इंजिन तुम्हाला सेकंदात सांगेल की १४.वजीर बी३ चांगली. ती चांगली का, हे ते सांगणार नाही, आणि तिथवर पोचायला लागणारी बुद्धीची झीजही ते तुमच्याकडून करून घेणार नाही.

म्हणून पालकांना आणि बुद्धिबळाच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना हा डाव मोबाइलवर पटापट पुढे ढकलून दाखवू नका. लाकडी पट मांडा, दहाव्या पांढऱ्या खेळीपर्यंत या आणि थांबा. इंजिन बंद ठेवा. काळ्याची खेळी काय असावी, ते प्रत्येकाने कागदावर लिहून त्यामागचे कारण दोन ओळींत लिहावे. हवे तर उत्तराला एक आठवडा द्यावा. मग चौदाव्या आणि अठराव्या खेळीला पुन्हा तसेच. ४२ खेळ्यांची सगळी नोंद कुठेही मिळते, तिची घाई नाही. कागदावर उत्तर लिहून झाल्याशिवाय पान उलटू नका.